शर्टावरची कलेजी

फौजदारानं टेंपोवाल्याची मांडी धरली तेव्हा मी आत एका पामेरियनचे कान साफ करत होते. बोंब ऐकली आणि हातातला कापूस टाकून पळाले. बघते तर टेंपोवाला खाद्याच्या पोत्यांवर उताणा पडलेला, आणि फौजदार त्याच्या मांडीत दात रोवून मान झटकतोय. पोत्यावर रक्त सांडलं होतं, टेंपोवाल्याची एक चप्पल पार फाटकापाशी उडाली होती.

"वैजू, मागनं ये. तोंडाकडं जाऊ नको," मी ओरडले.

वैजू माझ्या हाताखालची, तिला सांगायची गरज नव्हती. फाटकाच्या खांबाला टांगलेली फासकाठी तिनं आधीच ओढून घेतली होती. फासकाठी म्हणजे लांब लोखंडी नळी, तिच्या एका तोंडाला जाड वायरचा फास. मागच्या टोकाला वायर ओढली की फास आवळतो, सोडली की सैल होतो. अंगावर येणारं कुत्रं आपल्यापासून लांब धरायचं ते याच्यानं. वैजूनं मागून येऊन फास फौजदाराच्या डोक्यावरून घातला, कानाखाली बसवला आणि ओढला.

"मेलो गं आई," टेंपोवाला म्हणाला.

"गप पड. हललास तर अजून आवळेल तो."

फौजदाराची जीभ निळी पडायला लागली, डोळे बाहेर आले, तरी जबडा सुटेना. वैजूनं पाय रोवले आणि अजून ओढलं. मग एकदम जबडा उघडला आणि ते धूड मातीत बसलं.

"सैल कर."

"केला की, अक्का."

केला होताच. हा माझा नियम. धडपड थांबली की फास सैल, त्याच क्षणी. गप बसलं की श्वास मिळतो एवढं जनावराला कळलं पाहिजे. राग काढायला फास आवळणाऱ्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवत नाही.

टेंपोवाल्याची मांडी धुऊन मी पट्टी बांधली. दारूचा वास घमघमत होता. "असलं कुत्रं गोळी घालून मारलं पाहिजे," तो कण्हत म्हणाला.

"आणि भर सकाळी पिऊन टेंपो चालवणाऱ्याला काय घालायचं, तेवढं सांग."

त्यावर तो लंगडत टाके घालून घ्यायला निघून गेला.

आमचं केंद्र हातकणंगल्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत, एका पोल्ट्रीच्या शेजारी. मी शोभा इंगवले, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते, ते सोडून हे काढलं. कोल्हापूर-सांगलीची माणसं गावाला जाताना कुत्री माझ्याकडं ठेवायची. आंघोळ, केस कापणं, नखं, शिवाय जाळीच्या आवारात कुत्र्यांना नजरेखाली खेळवणं, आणि बिघडलेली कुत्री वळणावर आणणं. गावात मला 'कुत्र्यांची न्हावीण' म्हणायचे. मी म्हणायचे, या की, तुमचीपण करते, मशीन तेच आहे. मग कोणी पुढं बोलायचं नाही.

फौजदार हा त्या बिघडलेल्यांतला सगळ्यात अवघड. कुठंतरी पैजा लावून कुत्री झुंजवायचे, तिथं धाड पडली आणि हा माझ्याकडं आला. एक कान अर्धा, वरचा ओठ शिवलेला, छातीवर केस उगवायचेच बंद झालेले. बायकांना काही करायचा नाही. वैजू त्याच्या तोंडात हात घालून दात घासायची. जाळीची मुसकी बांधली की इतर कुत्र्यांतही निवांत फिरायचा. पण दारू प्यायलेला पुरुष जवळ आला की संपलं. झुंजीच्या गोलाभोवती तसलीच माणसं काठ्या घेऊन उभी असायची, त्याला मारून मारून पुढं ढकलायची. ते त्याच्या नाकात बसलं होतं.

तर त्या दिवशी टेंपोवाला गेल्यावर वैजू हौदाशी तोंड धुवायला वाकली आणि पदर सरकला. खालचा ओठ फाटलेला होता.

"हे काय फौजदारानं नाही केलं," मी म्हणाले.

"न्हाई."

"सर्जेराव?"

"व्हय."

सर्जेराव तिचा नवरा. वडापची ट्रॅक्स, म्हणजे सीटमागं पैसे घेऊन माणसं भरून नेणारी जीप, चालवायचा. उंच, पाणीदार डोळ्यांचा, चारचौघांत बोलायला गोड.

"आणि कशावरून?"

"दारात माझी चप्पल उलटी पडली हुती. म्हणला, घरात भांडण लावतीस व्हय."

"मग भांडण लागलं का?"

ती हसली. फाटक्या ओठानं हसताना दुखलं असणार. "मग सांजच्याला जिलबी आणली त्यानं. पाया पडला, अक्का. रडला."

"आणि तू खाल्लीस."

"गरम हुती," ती म्हणाली.

माझं डोकं असं फिरलं की त्या पामेरियनचा दुसरा कान तसाच राहिला. दर वेळी हेच. मार, मग जिलबी. मी तिला सांगून सांगून थकले होते. इथं मागची खोली रिकामी आहे, ये राहायला. ती मान हलवायची, संध्याकाळी डबा घेऊन घरी जायची. त्याच्या ट्रॅक्सला गाण्याचा भोंगा होता, तो रस्त्यावर वाजला की ही हातातलं काम टाकून उठायची. मी चिडून विचारायचे, तुला पट्टा बांधलाय का गं त्यानं?

पण फौजदाराचं काहीतरी करायलाच हवं होतं. आज मांडी, उद्या गळा, आणि मग त्याला मरणाची सुई देण्यावाचून इलाज नव्हता. म्हणून मी ते काम सुरू केलं. ज्या वासाला कुत्रं भडकतं, तोच वास लांबून दाखवायचा आणि बरोबर त्याच वेळी आवडता घास द्यायचा. हळूहळू वास जवळ आणायचा. वास आला की मार, हे त्याच्या डोक्यातून जाऊन वास आला की घास, हे बसलं पाहिजे. फौजदाराला उकडलेली कोंबडीची कलेजी म्हणजे जीव की प्राण.

"दारूचा नि पुरुषाच्या घामाचा वास आणायचा कुठनं?" मी म्हणाले. "बाटली ओतून भागत नाही, अंगावरचं कापड पाहिजे."

"आमच्याकडं काय तोटा हाय," वैजू म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतनं सर्जेरावाचा शर्ट घेऊन आली. बिनधुतलेला. डिझेल, तंबाखू, दारू, सगळं होतं त्यात.

पहिल्यांदा शर्ट जाळीपलीकडं टांगला तेव्हा फौजदारानं जाळीवर उडी मारून स्वतःचं नाक फोडून घेतलं. वैजू कलेजीचा तुकडा टाकायची, तो बघायचासुद्धा नाही. मग एक दिवस बघितलं. मग खाल्लं. मग शर्ट जवळ आला. वैजू 'बस' म्हणायची, तो बसायचा, शर्टावर ठेवलेला तुकडा अलगद उचलायचा. शर्टाचा वास उडाला की ती दुसरा आणायची. पुढं आम्ही पोत्यात भुस्सा भरून बुजगावणं केलं, त्याला शर्ट घातला, खिशात कलेजी ठेवली. फौजदार पळत यायचा, बुजगावण्यापुढं बसायचा, शेपटीनं जमीन झाडत खिशाकडं बघायचा. शेवटी मी तो शर्ट अंगात घातला. पोल्ट्रीवरच्या बाया कुंपणाला चिकटून हसत होत्या.

"अक्का, मिशी तेवढी लावा," वैजू म्हणाली.

मला वाटलं, जिंकलो. म्हणून तोच टेंपोवाला पुन्हा आला तेव्हा फौजदाराला मुसकी बांधून, दोन साखळ्या लावून लांबून दाखवला. त्यानं साखळीसकट मला मातीतनं फरफटत नेलं. गुडघ्याची कातडी गेली. पोल्ट्रीचा रखवालदार थोडी घेऊन आला होता, त्याच्यावरही तसाच. मी हात टेकले. शर्टावर बसतंय, माणसावर बसत नाही, असं म्हणून ते काम बंद केलं. मुसकी कायम ठेवली आणि टेंपोवाल्याला खाद्य रस्त्यावरच उतरवायला सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वैजू चालत आली. घरापासून इथपर्यंत, अनवाणी. सर्जेरावानं तिला गाडीच्या पंख्याच्या पट्ट्यानं मारलं होतं. पाठीवर पट्ट्याच्या दात्यांचे वळ उमटले होते, काही ठिकाणी कातडं उघडलं होतं. श्वास घेतला की एक बाजू धरायची, बरगडी गेली होती. मी कुत्र्यांचं मलम लावलं, जवळ तेच होतं. ती रडत नव्हती.

"आता न्हाई जायची," ती म्हणाली. "ह्या बारीला मारून टाकलं असतं, अक्का. मला भोवळ आली म्हणून थांबला."

"मग राहा."

"तो येणार की."

"येऊ दे. पिऊनच येईल ना? फौजदार आहे."

तिनं फौजदाराकडं बघितलं. तो खोलीच्या उंबऱ्यावर पसरला होता, दारात वाट अडवून. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. त्या दिवसापासून मी त्याची मुसकी काढून ठेवली. फक्त साखळी. गिऱ्हाइकांना सांगितलं, फाटकावर घंटी वाजवा, आत येऊ नका.

दोन-तीन दिवसांनी दुपारी सर्जेराव आला.

वैजू कात्रीटेबलाशी, म्हणजे कुत्र्यांचे केस-नखं कापायच्या टेबलाशी, बसून फौजदाराची नखं कापत होती. रस्त्यावर गाण्याचा भोंगा वाजला आणि तिचा हात हलला. नखाच्या आतली नस कापली गेली. फौजदार विव्हळला, टेबलावर रक्ताचे थेंब पडले.

"अक्का," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

फाटक ढकलून तो आत आला. डोळे लाल, एका हातात जॅकचा लोखंडी दांडा, दुसऱ्या हातात कागदाचा पुडा. पुड्याला तेल सुटलेलं. चौकटीचा तपकिरी शर्ट, वरची दोन बटणं उघडी.

"वैजयंता, चल," तो म्हणाला. "पुरं झालं."

"वैजू, साखळी काढ," मी म्हणाले.

तिनं साखळीची कडी नुसती धरली. "मरंल तो, अक्का."

"मरू दे."

खरं सांगते, मला ते व्हायला हवं होतं. त्या माणसाच्या मांडीत दात गेलेले बघायला मी उतावीळ झाले होते.

साखळी सुटली आणि फौजदार सुटला. आवार ओलांडायला त्याला कितीसा वेळ. सर्जेरावानं ते अंगावर येणारं धूड बघितलं, दांडा उगारायचंही विसरला, दोन्ही हात तोंडावर घेऊन खाली बसला. पुडा मातीत पडला. मी डोळे मिटले नाहीत.

फौजदार त्याच्यापाशी जाऊन थांबला. नाक शर्टाला लावलं. खिसा हुंगला. आणि बसला. कान खाली, शेपटी मातीत घासतोय, लाळ गळतेय, आणि डोळे त्या खिशावर.

मला काही क्षण कळेचना. मग कळलं. टेंपोवाल्यावर ते काम बसलं नव्हतं, रखवालदारावर बसलं नव्हतं. बसणार कसं? आम्ही वेगवेगळ्या माणसांचे कपडे कुठं वापरले होते? सगळे शर्ट एकाच माणसाचे. जगातल्या एकाच पुरुषाच्या वासावर आम्ही त्या कुत्र्याला महिनोन्‌महिने कलेजी खाऊ घातली होती.

सर्जेरावानं बोटांतनं बघितलं. हळूहळू उठला. फौजदारानं त्याचा हात चाटला. मग तो हसायला लागला.

"काय गं न्हाविणी," तो मला म्हणाला, "हाच काय तुझा फौजदार?"

आणि त्यानं फौजदाराच्या बरगडीत लाथ घातली. कुत्रं कोलमडलं, केकाटलं, उठलं, आणि पुन्हा येऊन त्याच्यापुढं बसलं.

मी हातात मिळेल ते घेतलं, अंघोळीच्या नळीचं पितळी तोंड होतं. ते त्याच्या कपाळावर बसलं, रक्त आलं. पण दांडा लांब होता. पहिला फटका मी मनगटावर झेलला आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो हात आजही सरळ वळत नाही. दुसरा खांद्यावर बसला, मी खाली पडले. तिसरा डोक्यात बसला असता, पण तोवर वैजू मध्ये आली.

"तिला न्हाई. मला मारा. येते की मी," ती म्हणाली.

त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड कात्रीटेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. एक दात टेबलावर पडला, फौजदाराच्या नखांच्या तुकड्यांत. बाकीची कुत्री पिंजऱ्यांत वेड्यासारखी भुंकत होती, जाळ्यांवर अंग टाकत होती. तिला केसांनी ओढत तो फाटकाकडं निघाला. फौजदार त्यांच्या बाजूनं चालला होता, रमतगमत, शेपूट हलवत, मधूनमधून त्याच्या खिशाला नाक लावत. मी मातीत पडून त्याला शिव्या देत होते. सर्जेरावाला नाही, कुत्र्याला.

फाटकाशी त्याला धाप लागली. त्यानं केस सोडले. वाकून पुडा उचलला, त्याची माती झटकली. आवाज एकदम मऊ झाला.

"बघ, काय केलंस माझं डोकं. रागाच्या भरात हुतंय माणसाकडनं. चल आता. तुझ्यासाठी आणलीया, गरम हाय अजून."

पुडा त्यानं पुढं केला. आणि वैजूचा हात वर गेला.

मी बघितलं ते. तोंडातनं रक्त गळतंय, एक डोळा मिटलाय, आणि हात जिलबीच्या पुड्याकडं चाललाय. माझं मनगट मोडलं होतं त्याहून ते बघणं जड गेलं. मी उठायला गेले आणि मोडक्या हातावर पुन्हा पडले.

फौजदार तिच्या शेजारी बसला होता. तोही सर्जेरावाच्या हाताकडंच बघत होता, मान वर करून. दोघं अगदी शेजारी शेजारी.

वैजूनं खाली बघितलं. कुत्र्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग त्या शर्टाकडं बघितलं. तिचा हात खाली आला.

"अक्का," ती म्हणाली, रोज कामात काही विचारायची तशाच आवाजात. "ह्येला आपणच शिकवलं न्हवं का?"

"काय?" मला कसंबसं बोलता आलं.

"शर्टावर कलेजी."

"होय गं बाई. आपणच."

"मलाबी ह्येनं तसंच शिकवलं."

"काय बडबडतीस?" सर्जेराव म्हणाला. "गाडीत बस." आणि त्यानं पुन्हा दांडा उचलला.

फासकाठी तिच्या हाताशी होती, फाटकाच्या खांबाला. तिनं ती कधी काढली ते मला दिसलंही नाही. फास त्याच्या डोक्यावरून गेला, कानाखाली बसला, वायर ओढली गेली. दांडा खाली पडला. त्यानं तिच्याकडं झेप घेतली, पण नळी मध्ये होती, हात तिच्यापर्यंत पोचेनात. ती एक पाऊल मागं सरली, पाय रोवले, नळी दंडाखाली दाबली आणि वळवली. माजलेलं कुत्रं खाली आणायचं ते असंच आणतात. तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला.

"बस," वैजू म्हणाली.

तो दोन्ही हातांनी वायर ओरबाडत होता. नखांखालनं रक्त यायला लागलं. पाय झाडत होता, चप्पल उडाली. चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला, जीभ बाहेर आली. पँट ओली झाली.

"धडपड करू नको," ती त्याला सांगत होती. "गप पडलास की सैल हुतंय. गप पड."

जिलबीचा पुडा फुटून मातीत पसरला होता. फौजदारानं एकदा तो हुंगला आणि सोडून दिला.

मग सर्जेराव गप पडला. हात वायरीवरून घसरले. पाय थांबले.

"थांबला तो," मी म्हणाले. "वैजू, सैल कर."

तिनं केला नाही.

"वैजू. नियम काय आहे आपला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तो चेहरा मी विसरलेली नाही. "मी किती बारी गप पडले, अक्का," ती म्हणाली. "ह्यानं सैल केला का?"

काय सांगणार होते मी तिला? पट्ट्याचे वळ तिच्या पाठीवर होते, माझ्या नाही. वायर तशीच ताणलेली होती, तिच्या दंडाचा स्नायू थरथरत होता. मी मोडक्या हातानं सरपटत निघाले होते, पण पोचले नसते.

फौजदार उठला. सर्जेरावाच्या तोंडाशी गेला, छाती जमिनीला टेकवून बारीक आवाजात कुंईकुंई करायला लागला. मग त्याचे गाल, नाक चाटायला लागला. पुन्हा पुन्हा. मध्येच मान वर करून वैजूकडं बघायचा, की तू काही करत का नाहीस.

"बघा तरी ह्येला," वैजू म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "खुळं कुठलं."

तिनं वायर सोडली.

बराच वेळ काही झालं नाही. मग घशातनं घरघर आली, आणि त्यानं श्वास घेतला. पोल्ट्रीवरची माणसं धावत आली, कोणीतरी पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत वैजूनं फास काढला नाही. सैल ठेवून ती फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिली, रक्त थुंकत. तो हलला की वायर जराशी ओढायची, तो पडून राहायचा. आधी शिव्या दिल्या, मग रडला, मग म्हणाला, वैजू, पाणी दे. तिनं रखवालदाराला सांगितलं, पाणी द्या त्याला.

पोलिसांनी मनगट बघितलं, दात बघितला, पाठ बघितली. तो काही महिने आत होता. सुटल्यावर पुन्हा ट्रॅक्स चालवायला लागला, आणि आमच्या रस्त्यानं जाताना फाटकाशी गाडी थांबवून भोंगा वाजवायला लागला. आत यायची छाती नव्हती. फाटकाच्या खिळ्याला पुडा अडकवून निघून जायचा. फौजदार भोंगा ऐकला की उठून, शेपूट हलवत फाटकाकडं पळायचा. आम्ही ते काढायचे सगळे उपाय केले. नाही निघालं.

पहिल्यांदा असा भोंगा वाजला तेव्हा मी दांडकं शोधत होते. वैजू एका लॅब्रॅडॉरचे केस विंचरत होती. तिनं कंगवा खाली ठेवला, फौजदाराचा पट्टा धरला, त्याला ओढत सगळ्यात मागच्या पिंजऱ्यात नेलं आणि त्याच्याबरोबर स्वतःही आत गेली.

"अक्का, बाहेरनं कडी घाला," ती म्हणाली.

"अगं, फाटकाला कुलूप आहे. तो आत येत नाही."

"त्याच्यासाठी न्हाई. आमच्यासाठी. घाला तुम्ही."

मी कडी घातली. ती आत कुत्र्याच्या मानेला मिठी मारून बसली, आणि भोंगा बंद होऊन गाडी जाईपर्यंत दोघंही थरथरत होती. कितीतरी वेळा अशी कडी घातली मी. ती आतनं सांगायची, गाडी गेली का बघा, नीट बघा, मगच काढा. मी बघून यायचे, पुडा उचलून उकिरड्यावर फेकायचे, मग कडी काढायचे.

आणि मग एकदा, फौजदार म्हातारा झाला होता, तोंडावर पांढरे केस आले होते, तेव्हा भोंगा वाजला आणि मी सवयीनं मागच्या पिंजऱ्याकडं पळाले. दार उघडून उभी राहिले. कोणी आलं नाही.

परत येऊन बघते तर वैजू कात्रीटेबलाशी बसलेली. फौजदाराचा पाय तिच्या हातात होता. भोंगा वाजतच होता. फौजदार उठायला बघत होता, शेपूट टेबलावर आपटत होतं. तिनं एका हातानं त्याला खाली दाबलं.

"बस," ती म्हणाली. मान वर केली नाही. चिमटा नखाला लावला, नस कुठवर आहे ते उजेडाकडं धरून बघितलं, आणि कापलं. रक्त आलं नाही.

"दुसरा पाय दे," ती म्हणाली.